इकडूनच जाऊन राह्यलो होतो

आमच्या मराठी मंडळीची मी अकरा वर्षं सेक्रेटरी होते. सेक्रेटरीचं काम म्हणजे पंचांच्या सभेत कोण काय बोललं ते लिहायचं आणि पुढच्या सभेत 'मी असं बोललोच नव्हतो' हे ऐकून घ्यायचं. त्या अकरा वर्षांच्या इतिवृत्तांत शमुवेल मेंढे हे नाव फक्त दोनदा आलं आहे. एकदा दाराच्या कडीबद्दल, एकदा त्यांनी उपासनेत दिलेल्या संदेशाबद्दल, म्हणजे प्रवचनाबद्दल. दोन्ही वेळा तक्रार होती.

भिलाईत मराठी ख्रिस्ती राहतात हे भिलाईतल्याच पुष्कळ मराठी लोकांना माहीत नसतं. सेक्टर दोनमध्ये आमच्या शेजारच्या वहिनी दर नाताळला करंज्यांचं ताट हातात घेत मला विचारायच्या, "तुम्ही केरळच्या ना?" मी मराठीत 'नाही' म्हणायचे. पुढच्या नाताळला त्या पुन्हा विचारायच्या. आमची घरं चाळीसेक. कुणाचे आजोबा भंडाऱ्याकडून प्लांटमध्ये आलेले, कुणाचे वडील रेल्वेत, गोंदिया-दुर्ग लाईनवर. देऊळ, म्हणजे चर्च, एकच आणि भाषा पुष्कळ, म्हणून सकाळी हिंदी मंडळी, मग तेलुगू, आणि साडेअकराला आम्ही. आम्ही आत जायचो तोवर पंख्यांतून गरम हवा यायला लागलेली असे.

शमुवेलकाका दारात उभे असायचे. बुटके, बारीक, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन बॉलपेनं. आडनाव मेंढे, आणि करायचे काय, तर मंडळीतली हरवलेली मेंढरं शोधायचे. हा विनोद आमच्याकडे आलेल्या प्रत्येक नव्या पाळकांनी पहिल्याच महिन्यात केला, आणि काका प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसले.

पण दारात उभं राहणं हे त्यांना कुणी सोपवलेलं काम नव्हतं. ते स्वागतही करत नसत. 'या, बसा', 'प्रभूची स्तुती असो', असलं काही नाही. हात पुढे करायचे आणि विचारायचे, "गुडघा कसा हाये?" किंवा "पोराचं ॲडमिशन झालं का?" उत्तर ऐकून घ्यायचे आणि पुढच्याकडे वळायचे. प्लांटच्या टाइम ऑफिसात त्यांची सगळी नोकरी हजेरीवर गेलेली. एका नजरेत त्यांना कोण आलंय ते दिसायचं नाही, कोण आलेलं नाही ते दिसायचं. शास्त्रपाठ सुरू झाला की ते डाव्या तळहातावर बॉलपेनने काहीतरी लिहायचे. बायकांना वाटे, गीतांचे नंबर आहेत. ती न आलेल्यांची नावं असायची. उपासनेनंतर त्यांच्याशी सलाम केला, म्हणजे दोन्ही हातांनी हात मिळवला, की एखादवेळी आपल्या हातावर 'मार्था' उमटायची.

संदेश चालू असताना ते दार उघडं ठेवत, उशिरा येणारा रस्त्यावर दिसावा म्हणून. मे महिन्यात त्या दारातून जी झळ यायची तिच्याबद्दल तक्रार आली, आणि सभेत ठराव झाला की दाराला कडी लावावी. काकांनी दुसऱ्याच दिवशी स्वतः कडी बसवली. बाहेरून. त्यानंतर दार बंद असायचं आणि काका बाहेर उभे असायचे.

रविवारी दुपारी जेवण झालं की ते वीस मिनिटं आडवे व्हायचे, मग तळहातावरच्या नावांप्रमाणे स्कूटर काढायचे. ज्याच्या घरी जातील त्याला 'आज कावून नाही आले?' असं त्यांनी कधीही विचारलं नाही. दारात उभे राहून एकच वाक्य म्हणायचे, "इकडूनच जाऊन राह्यलो होतो." ते सेक्टर दोनमध्ये राहायचे. जुनवानी ही लांबची वस्ती त्यांच्या कुठल्याच रस्त्यात नव्हती. तरी जुनवानीतल्या आमच्या सातही घरांवरून ते 'इकडूनच' जात असत.

आत आले की बशीत चहा प्यायचे, आणि उठताना प्रार्थना करायचे. ती प्रार्थना आमच्या मंडळीत प्रसिद्ध होती. "प्रभू, ही मार्था. हिचा गुडघा दुखून राह्यला. तुले माहीतच हाये. आमेन." संपली. नवीन माणसं डोळे मिटायच्या आतच ती होऊन जायची.

एकदा विकास म्हणून एक तरुण तीन रविवार आला नाही. ठेकेदाराकडे कामाला होता. तिसऱ्या खेपेला काका गेले तेव्हा तो घरी सापडला, बायको चहा करत होती. "क्या है काका, शिफ्ट चल रही है, रविवार को भी ड्यूटी," तो म्हणाला. काकांनी चहा घेतला, घरच्यांची चौकशी केली, प्रार्थना केली. विकास त्यांना फाटकापर्यंत सोडायला आला तेव्हा स्कूटरवर बसता बसता ते म्हणाले, "ड्यूटी रोज हाये ना तुले?"

"हो काका."

"मंग ड्यूटीच्या बुटावर कोळ्याचं जाळं कावून?"

दोन महिन्यांपूर्वी त्याचं काम सुटलं होतं. सकाळी डबा घेऊन तो निघायचा आणि संध्याकाळपर्यंत तलावाच्या काठावर बसायचा, साध्या चपला घालून. हे त्याने बायकोला सांगितलं नव्हतं, काकांना सांगितलं, फाटकात उभ्याने. काका म्हणाले, "चल, आत जाऊ. चहा अजून एक घेतो मी." त्या दुसऱ्या चहाच्या वेळी विकासने बायकोला सांगितलं. काका मध्ये बसून होते, एवढंच. हे मला काकांनी नाही, विकासच्या बायकोने सांगितलं, पुष्कळ वर्षांनी.

आता दानिएल. दानिएल मेंढे काकांचा धाकटा भाऊ. उंच, गोरा, आणि आवाज असा की माईक बंद पडला तरी मागच्या बाकाला कळायचं नाही. इलेक्ट्रिकल विभागात फोरमन होता, पण सुट्टी मिळेल तेव्हा नागपूर, बिलासपूर, जबलपूर, जिथे म्हणून मोठी सभा असेल तिथे त्याचं बोलावणं. तो बोलायला लागला की लोक रडत. त्याची प्रार्थना अर्धा तास चालायची आणि तीत आधी सगळं जग येऊन जायचं, मग छत्तीसगड, मग भिलाई, आणि शेवटी ज्याच्यासाठी प्रार्थना करायची तो माणूस.

काका त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठे. पण ओळख कायम 'दानिएलभाऊंचे भाऊ'. त्यांची आई हयात होती तोवर त्यांना म्हणायची, "दानूसारखं बोलत जा ना रे थोडं. तुझं तोंड का भाड्यानं दिलं?" काका हे स्वतः सांगायचे, हसून. त्यामुळे त्यांना त्याचं काही वाटत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. हे धरून चालणं सगळ्यांत सोयीचं होतं.

एका वर्षी सुगीच्या सणाला बाहेरून मोठे पाहुणे आले. मी सेक्रेटरी, म्हणून ओळखी करून देण्याचं काम माझ्याकडे. हे आमचे पंच, ह्या महिला मंडळाच्या अध्यक्षा, हा कीबोर्ड वाजवतो, हे दानिएल मेंढे, यांना तर आपण ओळखताच. दारापाशी आलो तर काका उभे. पाहुण्यांनी हात पुढे केला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "आणि हे दानिएलभाऊंचे मोठे बंधू. हे..."

मला पुढे काही सुचेना. काकांना पद नव्हतं. त्यांच्या कामाला नाव नव्हतं.

"हे पण येतात," मी म्हणाले.

पाहुणे म्हणाले, "छान, छान." काकांनी सलाम केला. मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही, कारण जेवणाच्या पत्रावळी कमी पडत होत्या आणि मला तीच काळजी होती. ते वाक्य त्यांच्या आत जाऊन बसलं हे मला फार उशिरा कळलं.

त्यानंतर दोन महिन्यांनी पाळकसाहेब मुलीच्या बाळंतपणासाठी अमरावतीला जाणार होते आणि दानिएल नेमका जबलपूरला. रविवारचा संदेश कोण देणार, असं सभेत विचारलं. सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले. तेव्हा दाराजवळून आवाज आला, "मी देतो." काका सभेचे सभासद नव्हते. दार लावायला थांबले होते.

पुढचे तीन आठवडे त्यांनी तयारी केली. लीलाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, नंतर मला सांगितलं, "रोज सकाळी गॅसच्या सिलिंडरसमोर उभे राहून हात वर करत होते. मी म्हटलं, भाजी तरी करू द्या. तर म्हणे, दानू हात इथपर्यंत नेते का आणखी वर?"

त्या रविवारी दारात कुणीच नव्हतं. काका वेदीजवळ, कोट घालून. कोट दानिएलचा होता हे बाह्यांवरून कळत होतं. त्यांनी सुरुवात केली ती दानिएलच्या आवाजात. म्हणजे काढायचा प्रयत्न केला. "माझ्या प्रिय बंधूंनो आणि भगिनींनो!" असं म्हणून हात वर नेला आणि तिथेच ठेवला. पुढचं वाक्य आलं नाही. ते कागदाकडे बघेनात, कारण दानिएल कागद वापरत नसे. हात वर तसाच. पंख्याचा आवाज येत होता. मग, सवयीने असेल, त्यांची नजर बाकांवरून फिरू लागली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. आणि अगदी स्वतःच्या, रोजच्या आवाजात ते म्हणाले, "नंदाबाई नाही आल्या का? अन् जॉनची आई?"

लोक हसले. वाईट हसले नाहीत. पण हसले.

काकांनी हात खाली घेतला. "आमेन," म्हणाले आणि खाली येऊन बसले. चार मिनिटं झाली होती. उरलेल्या वेळात आम्ही तीन गीतं जास्त गायलो. बाहेर पडताना कुणीतरी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालं, "होते असं. दानिएलभाऊची बात अलग हाये ना." सांत्वन करायचं म्हणूनच म्हणालं.

इतिवृत्तात मी लिहिलं: 'संदेश थोडक्यात झाला. यापुढे वक्त्यांनी वेळेचे भान ठेवावे अशी सूचना आली.'

पुढच्या रविवारी काका आले नाहीत. लीलाकाकू एकट्या आल्या. विचारलं तर म्हणाल्या, "तब्येत." त्याच्या पुढच्या रविवारीही तब्येत. तिसऱ्या रविवारी मी जरा जास्त विचारल्यावर म्हणाल्या, "तब्येत चांगली हाये. घरी बसून कुकरच्या शिट्ट्या मोजून राह्यले."

पंचांच्या सभेत विषय निघाला. सगळ्यांना वाईट वाटलं. सर्वानुमते ठरलं की कोणीतरी जाऊन त्यांना भेटावं. मी तसं लिहिलं: 'कोणीतरी जाऊन भेटावे.' आमच्याकडे न येणाऱ्याच्या घरी जाणारा माणूस एकच होता, आणि तोच येत नव्हता. हे त्या सभेतल्या नऊ जणांपैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. माझं क्वार्टर त्यांच्या क्वार्टरपासून चालत पाच मिनिटांवर. मीही गेले नाही. काय बोलायचं, हा प्रश्न होता. शिवाय मला वाटलं, दुसरं कोणीतरी जाईल.

पाचव्या रविवारी नंदाबाई आल्या नाहीत. त्या निवृत्त नर्स, विधवा, जुनवानीत एकट्या राहायच्या. मुलगा बंगळुरूला. उपासनेत त्यांची जागा रिकामी होती आणि त्या जागेवर कुणीतरी पर्स ठेवली होती.

सोमवारी सकाळी दूधवाल्याने दार वाजवलं, आतून आवाज ऐकला, आणि शेजाऱ्यांना बोलावून दार तोडलं. नंदाबाई रविवारी सकाळी देवळात यायची तयारी करताना न्हाणीघरात घसरल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. रविवारी सकाळपासून सोमवारी सकाळपर्यंत त्या तिथे ओल्या फरशीवर होत्या.

मंगळवारी आम्ही काही जण हॉस्पिटलात गेलो. दानिएल आमच्या आधी सकाळी येऊन गेला होता आणि आमच्याबरोबर पुन्हा आला. नंदाबाई शुद्धीवर होत्या, आवाज खोल गेलेला. तरी बाई कण्हत नव्हत्या, हिशेबशीर सांगत होत्या, नर्स ड्यूटी बदलताना सांगते तसं.

"आधी मले भीती नाही वाटली," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आज रविवार हाये. शमुवेलभाऊ सध्या देवळात येत नाही, पण मी नाही दिसली हे कोणीतरी त्यांना सांगतेच, अन् चार वाजता ते येतातच. चार वाजेपर्यंत कसं बी काढू. मंग स्कूटरचा आवाज आला की मी हाक मारत होती. किती स्कूटरी जातात हो आमच्या गल्लीतून. पाच वाजले तवा समजलं, की येत नाही आता."

मी पर्सचा पट्टा धरून उभी होते. दानिएल खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "चल माझ्यासोबत. मी एकट्यानं नाही जाऊ शकत दादाकडे."

काका बाडीत होते, क्वार्टरच्या मागे, लाल भाजीला पाणी घालत. आम्हाला पाहून त्यांनी पाइप खाली ठेवला, पण नळ बंद केला नाही. दानिएलने नंदाबाईंचं सगळं सांगितलं. लोकांना रडवणारा तो माणूस अडखळत, मधली वाक्यं गाळत सांगत होता. चार वाजताचं सांगताना तर त्याला दोनदा थांबावं लागलं. काका ऐकत होते. पाणी वाफ्यातून वाहून आमच्या चपलांखाली आलं.

"किती वाजेपर्यंत म्हणाल्या?" काकांनी विचारलं.

"पाच."

काका आत गेले. शर्ट बदलून आले. स्कूटरची किल्ली शोधायला लागले तर लीलाकाकूंनी ती हातात धरूनच ठेवली होती.

हॉस्पिटलात ते खाटेजवळ गेले तेव्हा नंदाबाईंनी डोळे उघडले.

"उशीर केला, भाऊ."

"हो," काका म्हणाले. बाकी काही कारण दिलं नाही. स्टूल ओढून बसले. जरा वेळाने नंदाबाई हळूच म्हणाल्या, "सकाळी दानिएलभाऊ आले होते. फार छान प्रार्थना केली. अर्धा तास. मले उशी सरळ करून पाह्यजे होती, पण प्रार्थनेत मधी बोलावं कसं."

काकांनी उठून उशी सरळ केली. आमच्यात दानिएलही उभा होता. त्याने ते ऐकलं आणि मान खाली घातली, आणि मग मला वाटतं तो थोडा हसला.

मी कॉरिडॉरमध्ये काकांची माफी मागितली. 'हे पण येतात' या वाक्याची. मला वाटलं ते म्हणतील, छे, मले आठवतही नाही. ते म्हणाले, "लय लागलं होतं ते." मग पुढे म्हणाले, "पण ते तुझं नाही. मले जे ऐकू यायचं ते आईपासून ऐकू येऊन राह्यलं होतं. दानूसारखं, दानूसारखं. म्हटलं एकदा दानूसारखं करूनच पाहू. नाही झालं. मंग घरी बसलो अन् पाह्यत बसलो, मले पाह्याले कोण येते. पाच रविवार कोणी नाही आलं. मले वाटलं, म्हणजे आपली काही किंमतच नाही." ते बाकावर बसले. "आता समजून राह्यलं. मी नाही गेलो तर कोणीच जात नसते. म्हणून तर कोणी आलं नाही. ती माझी किंमत होती, अन् मी तिलेच अपमान समजून बसलो. अन् तिकडे बाई फरशीवर."

ते रडले नाहीत. तळहात पुसत राहिले. तळहातावर काही लिहिलेलं नव्हतं.

जिन्यावर दानिएल भेटला. मी काही विचारलं नव्हतं, तरी तो म्हणाला, "मी जिथं जातो तिथं लोक रडतात ना, ताई. मग मी गाडी पकडतो. त्या रडणाऱ्यांतल्या एकाचं बी नाव मले माहीत नसते. दादाची वाट माणसं पाह्यतात. माझी वाट माईक पाह्यते." मग म्हणाला, "हे मले दादाले कधी सांगता नाही आलं." मी म्हटलं, "आता सांगा." तो म्हणाला, "सांगतो." सांगितलं की नाही, मला माहीत नाही. पण नंदाबाई घरी येईपर्यंत रोज एक भाऊ सकाळी आणि एक संध्याकाळी हॉस्पिटलात असायचा, आणि सकाळच्या प्रार्थना बऱ्याच लहान झाल्या, असं नंदाबाई सांगत.

पुढच्या रविवारी काका दारात होते. पंचांनी सभा न घेता, दारातच उभ्याउभ्या, त्यांना पद द्यायचं ठरवलं: 'भेट विभाग प्रमुख'. बिल्ला केला. काकांनी आभार मानून तो शर्टाला लावला आणि तीन घरी जाऊन आले. पुढच्या रविवारी बिल्ला नव्हता. मी विचारलं, तर म्हणाले, "बिल्ला पाहून लोकं कारणं सांगतात. मले कारणं नाही पाह्यजे, चहा पाह्यजे."

माझ्यानंतर सेक्रेटरी झालेल्या मुलीने व्हॉट्सॲपचा ग्रुप केला. "अंकल, अब आपको घूमना नहीं पड़ेगा, जो नहीं आया उसको सीधा मेसेज जाएगा." काका म्हणाले, "चांगलं हाये." पहिल्याच रविवारी न आलेल्या सहाही जणांची उत्तरं आली, सगळं ठीक आहे, हात जोडलेले. काकांनी ती सगळी वाचून घेतली, त्या मुलीकडून सहाही नावं तळहातावर लिहून घेतली आणि वीस मिनिटं आडवे होऊन स्कूटर काढली.

मी पद सोडलं ते जरा रुसूनच. अकरा वर्षं सगळ्यांची भाषणं लिहिली, निरोप समारंभात माझ्याबद्दल बोलायला कुणाला चार वाक्यं सुचली नाहीत. महिला मंडळाच्या अध्यक्षांना शाल, कीबोर्डवाल्याला टाळ्या, मला एक पेन. दोन रविवार गेले नाही. पहिल्या रविवारी दुपारी मी मुद्दाम बाहेर निघून गेले; दुसऱ्या रविवारी दुपारी फाटक वाजलं. "इकडूनच जाऊन राह्यलो होतो," काका म्हणाले. मी त्यांच्यासमोर सगळं बोलून टाकलं. कोण गातं, कोण बोलतं, कोण शिकवतं, आणि मी काय केलं, तर वह्या भरल्या. ते बशीतला चहा संपेपर्यंत ऐकत होते.

"एक विचारू?" ते म्हणाले. "तू लिहून ठेवत होती म्हणून आमची भांडणं एकेकदाच झाली. आता पाह्य, त्याच पाण्याच्या टाकीवरून पुन्हा भांडून राह्यले, कारण मागच्या वेळी काय ठरलं ते कोणाले आठवत नाही. कालच्या सभेत एक जण म्हणाला, अनिताबाई असत्या तर." मग त्यांनी प्रार्थना केली. "प्रभू, ही अनिता. हिले वाईट वाटून राह्यलं. खरं बी हाये तिचं. तुले माहीतच हाये. आमेन." मी पुढच्या रविवारी गेले. टाकीचा ठराव काढून दिला.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी मुलाकडे नागपूरला राहायला आले. मागच्या वर्षी भिलाईला लग्नाला गेले होते तेव्हा रविवारी दुपारी जुनवानीतून ऑटोने चालले होते. एका घरापुढे स्कूटरवर हेल्मेट घालून एक उंच माणूस उन्हात बसलेला दिसला. दानिएल. मी ऑटो थांबवला. काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, लीलाकाकूंनी स्कूटर बंद केली, तेव्हापासून दर रविवारी तोच त्यांना फिरवतो, असं त्याने सांगितलं. मोठ्या सभांना अजून जातो, पण शनिवारी रात्रीपर्यंत परत येतो.

"मग आत का नाही बसत? केवढं ऊन आहे."

"दादा नाही म्हणते," दानिएल म्हणाला. "म्हणते, तू आत आला की प्रार्थना लांबते."

तेवढ्यात काका बाहेर आले. काळा चष्मा, हातात मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगांची जुडी, कुणीतरी दिलेली. माझा आवाज ओळखून म्हणाले, "गुडघा कसा हाये?" मी म्हटलं, बरा आहे. ते मागच्या सीटवर बसले, शेंगा मांडीवर आडव्या धरल्या. अजून दोन घरं राहिली होती म्हणून थांबता येणार नव्हतं.

मी ऑटोतून बघत होते. चौकात दानिएलने उजवीकडे वळायचा दिवा लावला. मागून काकांनी त्याच्या डाव्या खांद्यावर थाप मारली. दानिएलने दिवा बंद केला आणि स्कूटर डावीकडे वळवली.